पुढे सव्वापाच, मागे सहा

मंडईत नवे हुलगे आले की मला भीती वाटायला लागते. हसू नका. माणसं सापाला भितात, अंधाराला भितात, वय झालं की दवाखान्याच्या पायऱ्यांना भितात. मी हुलग्यांना भितो. मार्गशीर्षात चिंचवडच्या मंडईत पोत्याच्या तोंडाशी ते तपकिरी चपटे दाणे दिसले, की माझी पावलं आपोआप भाजीच्या ओळीकडे वळतात. आमच्या सूनबाईंना, सुनंदाला, याचा पत्ता नाही. ती हौसेने हुलगे आणते, दळून घेते, पिठाच्या वळकट्या वळून लसणाच्या फोडणीत शेंगोळी रटरटा शिजवते आणि वाडगा पुढ्यात ठेवून म्हणते, "अण्णा, तुमच्या आवडीची." आवडीचीच आहेत. वाफ नाकात गेली की पहिल्या घासाआधी उजवा हात थरथरतो, एवढंच.

यंदाही थरथरला. सुनंदाने विचारलं, "थंडी वाजते का अण्णा?" मी हो म्हटलं. खरं सांगायला बसलो असतो तर वाडगा गार झाला असता.

यंदा त्या थरथरीला आणखी एक निमित्त होतं. नातू, म्हणजे सुनंदाचा मुलगा, चाकणला कारखान्यात आहे. दिवाळीत त्याने एक दोन दारांची, बुटकी, वेगाची गाडी घेतली. परवा सकाळी फोनमधली चित्रं माझ्या चष्म्यासमोर नाचवत म्हणाला, "आजोबा, पुढे कमी रुंदीचे आणि मागे जास्त रुंदीचे टायर टाकतोय. काय दिसते बघा!" मी म्हटलं, "दिसते झकास. वळते कशी?" तो हसला. म्हणाला, "त्याचं गणित असतं आजोबा, सगळं आधीच काढलेलं असतं." असेल. आमच्या वेळी ते गणित मी काढलं होतं. रांगोळीवर.

तेव्हा चिंचवड हे गाव होतं. मुंबईचा रस्ता गावाच्या अंगाला घासून जायचा आणि त्याच्या कडेला, चिंचेखाली, हसनउस्तादांचं गॅरेज होतं. चार पत्रे, एक खड्डा, हवा भरायचा एक पंप. पिंपरीला निर्वासितांची छावणी, पलीकडे औषधाचा नवा कारखाना, आणि देहूरोडला लष्कराचं कोठार. त्या कोठारात तीन वर्षं मी टायर उचलून मांडायचं काम केलं होतं, म्हणून उस्तादांनी मला टायरवर ठेवून घेतलं. मी पंचविशीचा होतो आणि मला वाटायचं, चाकातलं मला सगळं कळतं. घराण्याचाच गर्व होता तो. आमचे आबा तळवड्याचे लोहार. गावच्या बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचे. धाव म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं. ते शेणकुटांच्या जाळात लाल करायचं, लाकडी चाकावर ठोकून बसवायचं आणि वर पाणी ओतायचं. चर्र आवाज होऊन कडं आवळलं जायचं. धाव किती रुंद करायची यावर आबांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "गाडीला इचारू नगंस. जिमिनीला इचार." काळ्या रानात जाणाऱ्या गाडीला रुंद, मुरमाच्या वाटेला अरुंद. वर्षाला बलुत्याचं धान्य यायचं आणि त्यात आमचं घर चालायचं.

आई लवकर गेली. मला वाढवलं ते अक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने. तिचं लग्न झालं तेव्हा मी तिच्यामागोमाग चिंचवडला आलो आणि तिच्याच दोन खोल्यांत राहिलो. तिचे यजमान, आमचे दाजी, पुण्याच्या एका साहेबांकडे ड्रायव्हर होते. लग्नाला सात वर्षं होऊन गेली होती आणि त्या मार्गशीर्षात अक्काला पहिल्यांदाच सहावा महिना लागला होता. घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. जणू मोठ्याने बोललं तर लागलेला महिना उतरून जाईल.

साहेबांची एक मोटार होती. तांबडी, उघडी, दोनच माणसांची, विलायतेहून बोटीने आणलेली. नाक लांब, बूड आखूड. त्यांच्यासारख्या चार-पाच हौशी लोकांनी घाट चढण्याची शर्यत ठरवली होती आणि साहेबांना ती जिंकायची होती. शर्यतीत गाडी साहेब स्वतः चालवणार होते. पण कोणत्या टायरवर गाडी रस्ता सोडते हे शर्यतीआधी कुणीतरी पाहून ठेवावं लागतं, आणि असली कामं पगारी माणसाची. म्हणून दाजी. आणि दाजींच्या गाडीचे टायर ठरवायला मी.

"टायरचं तू बघ," साहेब मला म्हणाले. "तुझा हात चांगला आहे म्हणतात."

त्या एका वाक्यावर मी चार दिवस फुगून होतो.

गाडीला मुळात चारही चाकांना सारखेच टायर होते, सव्वापाच इंची. इंजिनात साहेबांनी मुंबईहून काहीबाही करून आणलं होतं, त्यामुळे ताकद वाढली होती आणि वळणावर जोर दिला की बूड बाहेर फेकलं जायचं. दाजी म्हणायचे, "म्हातारीला मिरगी आल्यागत करतीया." साहेबांचं म्हणणं, चारही चाकांना रुंद टायर घालू. देहूरोडच्या लिलावातून आलेले लष्करी मोटारीचे सहा इंची टायर उस्तादांकडे होतेच. मी चारही घालून पाहिले. पुढे सहाचा टायर पुरतं वळण घेतलं की मडगार्डला घासायचा, आणि स्टिअरिंगचं चक्र फिरवायला जात्याइतकं जड व्हायचं. तेव्हा मी ठरवलं, मागे सहा, पुढे सव्वापाच. मागची चाकं ढकलतात, त्यांना रुंद पाय हवा. पुढची वाट दाखवतात, ती हलकी हवीत. ऐकायला किती सोपं वाटतं. उस्ताद दाढी खाजवत म्हणाले, "बोलने में बराबर है बेटा. मगर रस्त्याला पण विचारून घे." आबांचंच वाक्य, फक्त टोपी वेगळी.

म्हणून मी अक्काकडून रांगोळीचा डबा मागून घेतला. गॅरेजसमोरच्या डांबरावर हातभर रुंदीचा पांढरा पट्टा पसरला आणि दाजींना त्यावरून गाडी हळू न्यायला सांगितली. रांगोळीत चाकांचे ठसे उठले. मी गुडघ्यांवर बसून बोटांनी मोजले. पुढचा ठसा चार बोटं, मागचा साडेपाच. मग हवा थोडी कमी, थोडी जास्त, पुन्हा रांगोळी, पुन्हा बोटं. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. एका बाईने विचारलं, "आज काय सण हाय?" दाजी गाडीतून म्हणाले, "मेव्हण्याचा!" आठ दिवसांत मी अक्काचे दोन डबे संपवले. दारात रांगोळी घालायला तिला उरली नाही, तरी ती काही बोलली नाही.

बोलायची ती एकच गोष्ट. पहाटे आम्ही निघालो की उंबऱ्यात उभी राहून, पोटावर पदर सारखा करत म्हणायची, "मला काय काळजी न्हाई. टायर तू बशिवल्यात."

खरं तर मी तिथूनच भ्यायला सुरुवात केली. तोवर टायर हे रबर होतं. तिने तसं म्हटलं की ते चार टायर आणि तिचा कुंकवाचा करंडा एकाच दोरीने बांधलेले दिसायचे, आणि दोरीचं टोक माझ्या हातात. कुणी रागावलं तर माणूस उलट रागावू शकतो. कुणी रडलं तर समजूत काढता येते. कुणी निर्धास्तपणे तुमच्याकडे पाहिलं तर काय करायचं? मी नट दोनदा आवळायला लागलो. मग तीनदा. रस्त्यात गाडी थांबवून पुन्हा पाना लावायचो. दाजी म्हणायचे, "आरं, नटाची गळचेपी करतूस का काय!"

गाडी पारखायला आम्ही नाशिकच्या रस्त्याला जायचो. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल ओलांडून चाकणच्या बाजूला. आज त्या रस्त्यावर कंटेनरमागे कंटेनर उभा असतो आणि चार मैलांना दोन तास लागतात. तेव्हा तिथे माळ होता. एकेरी डांबराची पट्टी, दोन्ही अंगांना मुरूम, पहाटे भोरड्यांचे थवे आणि क्वचित एखादी एसटी. एका ठिकाणी रस्ता ओढ्याच्या मोरीवरून जाताना अंग चोरून वळायचा. त्या वळणावर दाजी मला उतरवायचे आणि पुढे दोन मैलांवरच्या वडापर्यंत जायचे. तिथे झोपडीतला चहा प्यायचे, गाडी वळवून भरधाव परत यायचे. मी वळणावर उभा राहून चाकांकडे बघायचो. अशा सात-आठ फेऱ्या.

पहिल्या दिवशी दाजींनी उतरताच सांगितलं, "मागची दोन भरल्या घरची आन् पुढची दोन उपाशी, आसं झालंय किसना. मागची ढकलत्यात, पुढची वळंनात. मी चाक फिरवतोय आन् गाडी सरळ मोरीकडं बघती." म्हणजे बूड फेकणं थांबलं, पण नाक ऐकेनासं झालं. यावर माझ्याकडे एकच उपाय होता. मागची हवा थोडी उतरवायची, म्हणजे मागची पकड सैल होते आणि नाक वळतं. दुसऱ्या दिवशी थोडी उतरवली. तिसऱ्या दिवशी आणखी थोडी. प्रत्येक वेळी दाजी वळणावरून जाताना मी मागच्या चाकांवरच नजर ठेवायचो, आणि गाडी पलीकडे गेली की मोरीच्या कठड्यावर बसायचो. मोजमापाची माझी सगळी ऐट त्या वळणावर उतरायची. दीड बोट रुंदी आणि चार पौंड हवा, एवढ्यावर एक माणूस संध्याकाळी घरी येणार की नाही हे ठरत होतं, आणि ते मी ठरवत होतो. देवळात जाऊन घंटा वाजवावी तर देवालाही टायरमधलं काय कळणार, असं वाटायचं.

हे कुणाला सांगावं? दाजींना सांगितलं तर त्यांच्या मनात शंका शिरणार. उस्तादांना सांगितलं तर साहेबांपर्यंत जाणार. अक्काला तर सांगायचा प्रश्नच नव्हता. भीती अशी साठून राहिली की तिला वास येतो. माझ्या घामाला त्या दिवसांत रबराचा वास यायचा.

रविवारी, शेवटची फेरी झाल्यावर, एक म्हातारी बांधावरून उतरून माझ्यापाशी येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात विळा, पायांत काही नाही. तिचं शेत वळणाला लागूनच होतं.

"लेका, ही तांबडी मोटार उद्या बी येनार का?"

"येणार की आजी."

"किती येळा जाती?"

"सात-आठ वेळा. कधी दहा."

"हितनंच?"

"इथूनच. या वळणावरूनच."

ती गाडीजवळ गेली, वाकली, मागच्या चाकावर तळहात ठेवून पाहिला. मग पुढच्या. "म्हागची रुंद दिसत्यात."

"मुद्दाम बसवलीत," मी म्हणालो. "सहा इंची."

"लई ब्येस केलंस बाबा," ती म्हणाली. "लई ब्येस."

माझ्या टायरचं असं मनापासून कौतुक तोवर कुणी केलं नव्हतं. ती का विचारते हे विचारायचं मला सुचलं नाही. लोहाराच्या पोराला, बलुत्यावर वाढलेल्याला, मार्गशीर्षात शेतकरी बाई रस्त्याकडे का बघते हे कळू नये! पण तेव्हा मला टायरपलीकडे काही दिसत नव्हतं.

सोमवारी दाजींनी मला नेहमीसारखं वळणावर उतरवलं. डांबर कोरडं, स्वच्छ, धुकं विरत आलेलं. ते वडाकडे गेले. मी पाण्याचा डबा घेऊन ओढ्यात उतरलो. मार्गशीर्षात मोरीखाली पाणी नसतं, म्हणून वरच्या अंगाच्या डबक्यापर्यंत गेलो. डबा भरला, तोंड धुतलं. परत चढून वर आलो तर रस्ता नव्हता.

रस्त्याच्या जागी हुलगे होते. मोरीपासून वळणाच्या पार टोकापर्यंत वाळलेल्या हुलग्याचा पाला, शेंगा, वेल, वीतभर जाड पसरलेले. म्हातारी आणि तिची सून दोन्ही कडांना पाला ओढायचं दाताळं घेऊन उभ्या होत्या, खळ्यावर उभ्या राहाव्यात तशा. बांधामागे त्यांनी रात्रीच भारे आणून ठेवले होते. गाडी पहिल्यांदा गेली, म्हणजे आज आली हे कळलं, आणि दोघींनी घाईघाईने रस्त्याचं खळं केलं. एसटी आणि मालगाड्या जातात तिथे हुलगे टाकायचे, चाकांखाली शेंगा फुटू द्यायच्या, मग कडेला ओढून उफणायचे, हा त्या भागातला तेव्हा सर्रास रिवाज. बैल लागत नाहीत, ते बांधून फिरवायला तिवडा लागत नाही. आणि इथे तर एक मोटार रोज दहा-दहा वेळा, त्याच जागेवरून, रुंद चाकांनी, फुकट जात होती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

"आली का रं?" म्हातारीने हसून विचारलं.

आली होती. माळावरून इंजिनाचा आवाज चढत येत होता. तो आवाज मला पाठ होता. कुठल्या झाडापाशी दाजी जोर देतात, कुठे सोडतात. ते अजून सोडत नव्हते. मी डबा टाकला, कमरेचा पंचा ओढून काढला आणि आवाजाच्या दिशेने धावत सुटलो. "सरका! सरका!" बायकांना ओरडलो असेन, तोंडातून आवाज निघाला की नाही हे आजही सांगता येत नाही. दहा पावलं गेलो असेन, पायाखालचे हुलगे गोट्यांसारखे सुटले आणि मी तोंडावर आपटलो.

पडल्यामुळे मला ते दिसलं. उभा असतो तर गाडी दिसली असती. आडवा होतो म्हणून चाकं दिसली. पुढची सव्वापाचची चाकं हुलग्यात शिरली आणि पाला कापत खाली डांबरापर्यंत गेली. त्यांनी रस्ता धरला. मागची सहाची, हवा उतरवलेली, मऊ, मी माझ्या हातांनी रुंद केलेली चाकं त्या थरावर चढली आणि तरंगली. पुढचं धरलेलं, मागचं सुटलेलं. गाडीने बूड फेकलं आणि ती गरकन फिरली. माझ्यापासून हातभरावरून मागचं चाक गेलं. एकदा फिरली. दाजींचं तोंड दिसलं, मग पाठ, मग पुन्हा तोंड. ते चक्र धरून ताठ बसले होते, आणि डोळे उघडे होते. दुसऱ्यांदा फिरली. मी डोळे मिटले आणि मला अक्का दिसली, उंबऱ्यात, पोटावर पदर घेतलेली. मला काय काळजी न्हाई.

मग आवाज थांबला. टपटप टपटप हुलगे पत्र्यावर पडत होते.

गाडी मोरीच्या कठड्यापासून वीतभर अंतरावर, आल्या दिशेला तोंड करून उभी होती. सून बांधावर चढून बसली होती. म्हातारी जागची हलली नव्हती. रबर जळल्याचा आणि हुलग्याच्या वाळक्या पाल्याचा, असे दोन्ही वास एकत्र येत होते. दाजींच्या केसांत, कॉलरीत, भुवयांवर भुसा. त्यांच्या तोंडावर रक्ताचा टिपूस नव्हता, जखमेचा नाही आणि आतलाही नाही.

म्हातारीने दाताळ्याने पाला चाळवून पाहिला. खालचे दाणे मोकळे झाले होते. ती खुशीने म्हणाली, "आक्षी जात्यावानी फिरीवलीस रं बाबा! आजून दोन-चार डाव फीर. त्या कडंचं ऱ्हायलंय."

मी तिच्या अंगावर धावून जाणार होतो. दाजींनी हात वर करून मला थांबवलं. त्यांनी गाडी चालू केली, आणि बैल हाकावेत अशा संथपणे त्या हुलग्यांवरून पुढे नेली, मागे आणली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. कडेचं सगळं मळून होईपर्यंत ते उतरले नाहीत. खाली उतरून म्हणाले, "आर्ध्यात मळणी सोडू नाई." आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ओकले.

परतताना मोशीला दाजींनी गाडी हळू केली. मग त्यांनी एवढंच म्हटलं, "अक्काला सांगायचं न्हाई." मी मान हलवली.

यावर मी साठ वर्षं विचार केला आहे. चारही टायर सव्वापाचचे असते तर? पुढची-मागची सगळीच चाकं डांबरापर्यंत गेली असती आणि गाडी सरळ निघून आली असती, असं मन म्हणतं. दुसरं मन म्हणतं, सरळ आली असती ती कुणाच्या अंगावर? रस्त्यात मी पडलो होतो. फिरली म्हणून वेग मेला, वेग मेला म्हणून मी आज शेंगोळी खातोय. असंही असेल. मोजून मापून बसवलेल्या टायरने मारलं की तारलं, हे रांगोळीत उमटत नाही.

खरी लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. साहेब दोन दिवस मुंबईला होते. बुधवारी आले, म्हणाले, "गुरुवारी पहाटे पुन्हा जा. मागची हवा आणखी उतरवून बघा." दाजी म्हणाले, "जी." आणि मीही म्हणालो, "जी." दाजींची नोकरी होती, आणि मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो की माझं गणित चुकलं? बुधवारी संध्याकाळी मी तपासायला उतरवलेली चाकं पुन्हा चढवली. पाना तीनदा नटावरून निसटला. उस्तादांनी पाहिलं आणि दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

घरी आलो तर दारातच लसणाच्या फोडणीचा वास. दाजी आधीच जेवायला बसले होते. अक्काने माझं ताट वाढलं. शेंगोळी. अक्काच्या हातची शेंगोळी म्हणजे सगळी एका मापाची. पिठाची वळकटी करंगळीएवढी, ना कमी ना जास्त. आबा म्हणायचे, ही पोरगा असती तर हिला धाव वळायला बसवली असती. त्या दिवशी वाडग्यात एक अंगठ्याएवढं जाड, एक दोऱ्यासारखं बारीक, एक मध्येच तुटलेलं. मी बघत राहिलो.

"हुलगं कुठलं?" दाजींनी विचारलं. आवाज नेहमीसारखा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला.

"एक म्हातारी आल्ती," अक्का म्हणाली. "चाकणच्या अंगाची. तिची ल्येक पिंपळे गुरवला दिलीया, तिकडं चालली हुती. गॅरेजात इचारत इचारत आली. पायलीभर हुलगं दिलं. म्हनली, मळणीचं बलुतं हाय, न्हाई म्हनू नगंस."

चुलीतलं लाकूड तडकलं. अक्का बोलतच राहिली.

"म्हनली, तुझ्या मालकानं मोटार आशी फिरीवली, गराऽगरा, दोन डाव. मोरीपस्तोर. आसं मळून कुनी देत न्हाई म्हनली. मी तिला हळद-कुकू लावलं. च्या दिला. मग बसून दळलं."

दाजी ताटाकडे बघत होते. मी म्हणालो, "अक्का, तू तर म्हणायचीस तुला काळजी नाही..."

"मग काय म्हनू?" ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "रोज तुमी भाईर पडला की मी हितंच बसून ऱ्हायची, फटफट आवाज येस्तवर. पानी बी गिळायचं न्हाई. पन तुज्यासमोर कापली आस्ती तर तुजं हात कापलं आस्तं. कापऱ्या हातानं आवळल्यालं सुटतं, आबा म्हनायचं. म्हनून म्हनायची, काळजी न्हाई. तुज्या हातासाठी म्हनायची." तिने आपले दोन्ही तळवे चुलीच्या उजेडात धरले. ते थांबत नव्हते. "आता न्हाई म्हनत. आता तुजं बी कापू देत."

आणि कापले. ताटावर, तिच्यासमोर, पंधरा दिवसांचे सगळे एकदम. दाजी उठले आणि घरातल्या मोरीवर जाऊन हात धुऊ लागले. खूप वेळ धूत होते.

गुरुवारी उजाडायच्या आत मी सहाचे टायर उतरवले आणि चारही चाकांना साहेबांचे मूळचे सव्वापाच चढवले. साहेब आल्यावर सांगितलं, "दाजी येणार नाहीत. आणि मी ठरवलेल्या टायरवर मी कुणाला बसवणार नाही." साहेब वाईट नव्हते, त्यांना समजलं नाही, एवढंच. मोटार पुण्याला गेली. शर्यत कुणी जिंकली ते मला ठाऊक नाही. दाजींनी पुढे जन्मभर चाकणचा कांदा वाहणारी मालगाडी चालवली, बैलाच्या चालीने. अक्काला चैत्रात मुलगी झाली. पुढे चाळीस वर्षं मी टायर बसवले, आणि हात कापायला लागले की पाना खाली ठेवून कुणालातरी सांगायचो, जरा थांबा, मला भीती वाटतेय. लोक हसायचे. हसू दे.

हे सगळं मनातून जाईपर्यंत यंदाचा वाडगा थोडा निवला होता. मी चमचा घातला आणि थांबलो. सुनंदाची शेंगोळी नेहमी एकसारखी असतात. मी दर वर्षी नजरेने पाहून घेतो आणि मगच खातो. ही माझी सवय तिला म्हातारचळ वाटते. यंदा एक जाड होतं, एक बारीक. एक मध्येच तुटलेलं. दारात नातवाच्या गाडीचं इंजिन घुमत होतं. सुनंदा खिडकीकडे पाठ करून उभी होती, आणि आवाज मुद्दाम हलका करून त्याला म्हणाली, "जा जा, मला काही काळजी नाही."

मी वाडगा खाली ठेवला.

"सुनंदा," मी म्हटलं, "मघाशी मी खोटं बोललो. मला थंडी नाही वाजत. मला भीती वाटते."

ती वळली. ओले हात पदराला पुसले, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मलापण, अण्णा."

"मग त्याला आत बोलाव," मी म्हणालो. "दोघांचे हात दाखवू."